फूल उलटं करून पाहा: साताऱ्याभोवतीची रानसूर्यफुलं

गणपती उठले की साताऱ्याभोवती पिवळा रंग चढायला लागतो आणि दसऱ्याच्या सुमाराला तो ऐन भरात येतो. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढताना दोन्ही बाजूंच्या दरडींवर, बोगद्यापलीकडे सज्जनगडाच्या वाटेवर, अजिंक्यताऱ्याच्या उतारांवर, महामार्गाच्या कडेच्या मातीच्या ढिगांवर, ओढ्यांच्या काठाने, एवढंच काय, बांधकाम रखडलेल्या प्लॉटांवरसुद्धा. लोक गाडी बाजूला घेतात, फोटो काढतात आणि खाली एकच नाव लिहितात: सोनकी.

त्यातली बरीचशी सोनकी नसतात. सोनकी ही सह्याद्रीची स्वतःची वनस्पती. तिच्या शेजारच्या वरकस पट्टीत फुललेला कारळा मूळचा इथिओपियाचा, पण पिढ्यान् पिढ्या आपल्या चटणीत असलेला. रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर डोलणारा केशरी-पिवळा कॉस्मॉस मेक्सिकोचा आणि ओढ्याकाठी पुरुषभर उंच वाढलेलं रानसूर्यफूलही तिकडचंच. लांबून सगळी पिवळीच दिसतात. मात्र एकीला हात लावायचा नाही, दुसरं कुणाच्या तरी घरचं पीक आहे आणि उरलेली दोन वेळीच उपटली नाहीत तर पहिलीची जागा बळकावतात. म्हणून ही ओळख नेमकी असायला हवी.

ती पटवायची युक्ती साधी आहे. समोरून फूल फसवतं, पाठीमागून फसवत नाही. सूर्यफुलाच्या या कुळात रंग, पाकळ्यांची संख्या आणि आकार या तिन्हींवर कधीच पूर्ण भरवसा ठेवू नये. देठ हलकेच वाकवून फुलाची पाठ पाहा, मग खालची पानं पाहा. निम्म्याहून अधिक घोळ तिथेच मिटतो.

पण आधी मुळात ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे का, हे ठरवा. त्याच दिवसांत टाकळा पिवळा फुललेला असतो, कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, स्मिथिया म्हणजे कवला दाटलेला असतो. ही दोन्ही शेंगावर्गातली. टाकळ्याच्या फुलात पाच सुट्या पाकळ्या आणि मध्ये पुंकेसर मोजता येतात. कवल्याचं फूल दोन्ही बाजूंना सारखं, पण वर-खाली वेगळं. सूर्यफूल कुळात तसं काही मोजता येत नाही, कारण आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गठ्ठा असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. कडेला ज्या पाकळ्या दिसतात त्यातली प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका हे दुसरं. कडेची ती किरण-पुष्पकं, मधली ती बिंब-पुष्पकं. या सगळ्यांना खालून धरून ठेवणाऱ्या हिरव्या पात्या म्हणजे छदं. लोक त्यांनाच फुलाचं हिरवं कोंदण समजून सोडून देतात. खरी ओळख त्या छदांतच असते.

हे हातात घेऊन पाहायचं असेल तर कारळ्याचं किंवा कॉस्मॉसचं एक ताजं स्तबक घ्या. सोनकी तोडू नका, आणि कासच्या राखीव वनात तर काहीच तोडू नका. सकाळी ९ ते ११ ही चांगली वेळ. तेव्हा पराग नुकते बाहेर आलेले असतात आणि पाकळ्या ताठ असतात. दुपारनंतर कॉस्मॉसच्या पाकळ्या सैल पडतात आणि मोजमाप चुकतं. स्तबक पालथं करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि नव्या ब्लेडने देठासकट उभं चिरा. जुनं ब्लेड फुलांना चिरडतं. मग १० पट भिंग घ्या, सराफ वापरतात तसलं. वर्तमानपत्र वाचताना धरतात तसं भिंग लांब धरून काही दिसत नाही. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि फूल भिंगापासून इंचभर अंतरावर आणायचं. उजेड पाठीमागून नको, बाजूने हवा.

आता चिरलेल्या भागात पाहा. तळाशी एक फुगीर गादी दिसते, तिच्यावर बारीक फुलं ओळीने उभी असतात. कडेची आधी उमललेली, मधली अजून मिटलेली, कारण उमलणं बाहेरून आत सरकत जातं. प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक लहानसा दाणा असतो, तेच पुढे बी म्हणून आपल्या हातात येणारं फळ. दोन दाण्यांच्या मध्ये पातळ, पारदर्शक तूस आहे का ते बघा. कारळा, कॉस्मॉस, रानसूर्यफूल आणि शेतातलं सूर्यफूल या चौघांतही ते असतं. सोनकीत आणि सोनकडीत (हिची ओळख पुढे येईल) ते नसतं, फुलं थेट उघड्या गादीवर बसलेली असतात. एवढ्या एका खुणेने सगळे दोन गटांत वेगळे होतात. दुसरी खूण कडेच्या पाकळीच्या बुडाशी असते. कारळ्यात तिथेही दाणा भरतो, कारण त्याच्या किरण-पुष्पकात स्त्रीकेसर असतो. कॉस्मॉसची पाकळी वांझ असते, तिच्या बुडाशी पोकळ, चपटा अवशेष तेवढा सापडतो. सूर्यफुलाची आणि रानसूर्यफुलाची पाकळीही तशीच वांझ. ती केवळ माश्यांना बोलावण्यापुरती.

पाकळ्या मोजायच्या झाल्या तर जरूर मोजा, पण निकाल त्यावर सोपवू नका. या कुळात ५, ८, १३, २१ हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. मोठ्या सूर्यफुलाच्या चकतीत दाण्यांच्या वळणदार रांगा एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ भरतात, ही याच मांडणीची पुढची पायरी. कॉस्मॉसला बहुधा ८ पाकळ्या असतात आणि कारळ्यालाही ८ च्या आसपास. दोघांच्याही टोकाला तीन दाते असतात. म्हणजे समोरून फोटो काढला तर ही दोन फुलं एकमेकांत सहज मिसळतात. आता तीच दोन्ही पालथी करा. कारळ्याच्या पाठीवर पाच रुंद, हिरवी, पानासारखी छदं दिसतात, अगदी ठळक. कॉस्मॉसच्या पाठीवर छदांच्या दोन ओळी असतात. बाहेरची ओळ अरुंद, टोकदार आणि हिरवी, आतली रुंद, पातळ, पिवळसर पापुद्र्यासारखी. एकदा हे पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

सोनकी या दोघांहून अगदी वेगळी. जुन्या पुस्तकांत तिचं शास्त्रीय नाव सेनेसिओ ग्रॅहॅमाय असं सापडेल, आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. दोन्ही एकच, हे लक्षात ठेवलं की नावांचा गोंधळ होत नाही. रोप गुडघ्याएवढं, फार तर मांडीएवढं. स्तबक जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. त्याची पाठ पाहिली तर सारख्या उंचीची छदं एकाच ओळीत, कडेला कड लावून, लाकडी पिंपाच्या फळ्यांसारखी उभी असतात आणि अगदी बुडाशी काही बारीक टोकं चिकटलेली असतात. ही एकेरी ओळ ही सेनेसिओ वंशाची सही आहे. पानं एकाआड एक येतात, कडा दातेरी, आणि वरची पानं देठाशिवाय खोडाला बिलगलेली. पिकल्यावर मधल्या दाण्यांच्या डोक्यावर पांढरे मऊ केस दिसतात, त्यांच्या जोरावर ते वाऱ्याने जातात. कारळ्याच्या दाण्यावर असं काहीच नसतं. तो काळा, चकचकीत आणि गुळगुळीत, ३ ते ५ मिलिमीटर लांब. स्वयंपाकघरातल्या डब्यातला कारळा आठवला तरी पुरे.

सह्याद्रीत सोनकीची आणखी भावंडं आहेत. काहींची पानं कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंनी पांढरट दिसतात. जातीपर्यंत पोचायचं असेल तर पानांवरची लव, खोडाची फांदी आणि दाण्यावरचे केस या तिन्हींचे जवळून फोटो लागतात. ते नसतील तर "सोनकी, सेनेसिओ वंश" इथे थांबणं प्रामाणिकपणाचं. अर्धवट पुराव्यावर जातीचं नाव ठोकून देण्यापेक्षा वंशापर्यंतची खात्रीची ओळख केव्हाही चांगली, असं माझं ठाम मत आहे. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. सेनेसिओ वंशातल्या वनस्पतींत यकृताला घातक अल्कलॉइडं असतात. हल्ली रानभाज्यांचा उत्साह मोठा आहे, पण कोवळी दिसतात म्हणून सोनकीची पानं खुडून भाजीत घालू नयेत.

कारळा आणि सोनकी यांचा गोंधळ सर्वात जास्त होतो तो मेढा, बामणोली, जावळीच्या अंगाला. तिथे हलक्या, उताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीच्या जोडीने कारळा पेरतात, आणि लगेच बांधापलीकडे सोनकी असते. लांबून दोन्हींचा गालिचा सारखाच. कुठून पाहावं, तर कडेपासून. कारळ्याच्या पट्टीला शेताची सरळ रेघ असते, झाडं साधारण एका उंचीची, कमरेपर्यंत. सोनकी दगडांच्या फटीतून, दरडीच्या कापावर, वाटेल तिथे आलेली असते आणि दर हातावर तिची उंची बदलते. जवळ गेल्यावर पानं बघा. कारळ्याची खालची पानं समोरासमोर, देठ नसलेली, बुडाशी खोडाला मिठी मारलेली. इथे एक सापळा आहे. कारळ्याची अगदी वरची पानं कधी कधी एकाआड एक येतात, आणि शेतातल्या सूर्यफुलाचंही तसंच. म्हणून शेंड्याकडची पानं पाहून निर्णय घेऊ नका. खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागातली चार-पाच पेरं तपासा.

कारळ्याचा विषय निघालाच आहे तर त्याचं फूल सावकाश पाहण्यासारखं आहे. भिंगाखाली मधल्या एकेका पुष्पकाच्या नळीच्या बुडाशी दाट केसांची झालर दिसते. हे पीक स्वतःच्याच परागाने नीट बी धरत नाही, दुसऱ्या रोपाचे पराग लागतात आणि ते आणतात मधमाश्या. पट्टीत माश्या भरपूर असतील तर दाणा भरतो. ऐन फुलोऱ्यात दुपारच्या आधी कीटकनाशक मारलं तर नुकसान पेरणाऱ्याचंच होतं. बियांत तेल ३० टक्क्यांहून अधिक असतं. जनावरं उभ्या कारळ्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून दुसऱ्या पिकाच्या कडेनेही तो पेरतात. फोटोसाठी या पट्टीत शिरू नका. पोचट दिसणाऱ्या त्या फांद्या मोडल्या की मोडल्या, आणि एका माणसाने केलेली वाट दुसरा माणूस रुंद करतो.

आता कॉस्मॉस. बागेतून निसटलेलं हे रोप मला साताऱ्याच्या भोवती सर्वात चिंतेचं वाटतं, कारण ते सुंदर आहे. कुरूप तण लोक उपटतात, सुंदर तणाचं बी घरी नेतात. त्याची पानं समोरासमोर येतात आणि दोनदा-तीनदा चिरलेली, पातळ असतात. रोप लहान असताना झेंडू, कॉस्मॉस आणि गाजर गवत या तिघांत घोळ होतो, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला नेमकं हेच ओळखावं लागतं. पान चुरगाळा. झेंडूचा वास लपत नाही, आणि उजेडावर धरलं तर पानात तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. गाजर गवताची पानं सुरुवातीला जमिनीसरपट चक्राकार पसरतात आणि वर गेल्यावर एकाआड एक येतात. कॉस्मॉस पहिल्यापासून सरळ उभा वाढतो आणि पानांची जोडी कधी मोडत नाही. गाजर गवत हाताळताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, त्वचेला खाज आणि पुरळ येतं. त्याची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातली आहे. काही दशकांत ते कुठे कुठे पोचलं हे आपण पाहतोच आहोत.

कॉस्मॉसची शंभर टक्के खात्री पटवते ती त्याची बी. फुलाच्या जागी काळपट, लांब, सुईसारख्या काड्यांचा गुच्छ उभा राहतो. एकेक काडी दीड ते तीन सेंटिमीटर, वरच्या टोकाला निमुळती चोच आणि बहुधा दोन उलट्या काट्यांचे केस. ते कपड्याला, जनावराच्या अंगाला, मोजांना धरतात. सोनकीची बी वाऱ्याने जाते, कॉस्मॉसची आपल्या पायाने. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तो छातीएवढा वाढतो, मुरमाड जागी वीतभर उंचीवरच फुलतो. त्या खुज्या रोपाला लोक हमखास सोनकी म्हणतात. उंची कितीही असो, पान चिरलेलं आणि जोडीने आलेलं दिसलं की सोनकीचा विचार सोडून द्या.

रानसूर्यफूल, म्हणजे टिथोनिया डायव्हर्सिफोलिया, ओळखायला सगळ्यात सोपं. दोन-तीन मीटर उंच झुडूप, ओलाव्याच्या कडेने दाट माजलेलं, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत फुलणारं. स्तबक तळहाताएवढं. पान हाताच्या पंजासारखं तीन ते पाच भागांत विभागलेलं, पण फांदीवर काही पानं अखंडही असतात, म्हणून एकच पान पाहू नये. खात्रीची जागा फुलाच्या लगेच खाली आहे. देठ तिथे फुगतो आणि आतून पोकळ असतो. दोन बोटांनी दाबला तर दबतो. शेतातल्या सूर्यफुलाचा देठ पांढऱ्या भेंडाने भरलेला, तो असा दबत नाही. पाठीवरची छदंही वेगळी. रानसूर्यफुलाची रुंद, बोथट टोकाची, उभ्या रेघा असलेली. सूर्यफुलाची लांब शेपटीसारख्या टोकाची आणि कडेला राठ केस असलेली. शेंदरी-लाल फुलाचं, उंचीने कमी असं भावंड बागांतून दिसतं. ती टिथोनिया रोटुंडिफोलिया, हंगामी. त्याचाही देठ तसाच फुगीर.

मग खरं सूर्यफूल रानात उगवत नाही का? उगवतं, पण ते रानचं नसतं. भारतात तेलबिया म्हणून सूर्यफुलाची लागवड सुरू झाली ती १९६९ च्या सुमाराला रशियन वाणांपासून. आता मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला, मालगाडीतून सांडलेल्या दाण्यांजवळ, कबुतरांना खाद्य टाकतात त्या कोपऱ्यात एखाददुसरं रोप येतं. त्यातली काही रोपं शेतातल्यासारखी एका दांड्यावर एक मोठं फूल न देता फांद्या फोडतात आणि प्रत्येक फांदीला लहान फूल धरतात. पाहणाऱ्याला वाटतं, ही वेगळी रानटी जात आहे. तसं नाही. संकरित वाणाच्या जन्मदात्यांपैकी नर बाजूची ओळ बहुधा फांद्या फोडणारी असते. तो गुण पहिल्या पिढीत दबून राहतो आणि पुढच्या पिढीतल्या काही रोपांत उघड होतो. पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी खरखरीत, छदं शेपटीदार, एवढं दिसलं की ते आपलं ओळखीचं सूर्यफूलच. फुललेली फुलं पूर्वेकडे तोंड करून स्थिर असतात. दिवसभर सूर्यामागे वळतात त्या कोवळ्या कळ्या, हेही फोटो काढणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पाठीचा फोटो हवा असेल तर सकाळी झाडाच्या पश्चिमेला उभं राहावं लागतं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. कोरड्या उतारांवर, कोरेगावच्या अंगाला विशेष, तारेसारख्या बारीक फांद्यांची सोनकडी दिसते. पानाचं बूड खोडाला कान काढून धरलेलं, पाकळ्या पुष्कळ आणि अगदी अरुंद, पाठीवर छदांच्या अनेक ओळी एकावर एक. सोनकीपासून वेगळी करायला हीच खूण पुरते: सोनकीत एक ओळ, सोनकडीत अनेक. एकदांडी तर अंगणात असते. केसाळ, जमिनीसरपट, एकाच लांब दांड्यावर फूल, बहुधा पाच फिकट पाकळ्या. ओलसर जागी अक्कलकाऱ्याची शंकूसारखी पिवळी बोंडं असतात. नवीन सोसायट्यांच्या कुंपणाखाली गालिचा करणारी वेडेलिया ही तीन भागांच्या पानाची आणि बारमाही फुलणारी. जगातल्या १०० सर्वात त्रासदायक आक्रमक जातींच्या यादीत ती आहे, तरी रोपवाटिकांत मिळते. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. गटारात पडलेला वीतभर तुकडा पुढच्या पावसात ओढ्यापर्यंत पोचलेला असतो.

हे सगळं साताऱ्यात एका दिवसाच्या फेरीत का दिसतं, याचं कारण पावसात आहे. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, साताऱ्यात हजारेक आणि पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरच्या आत एवढा उतार. सोनकी पश्चिमेच्या ओल्या अंगाला, सड्यांच्या कडांना आणि घाटाच्या दरडींवर भरते, पूर्वेकडे विरळ होत जाते. कॉस्मॉसला पावसापेक्षा उकरलेली माती जास्त लागते. जिथे जेसीबी चालला तिथे पुढच्या वर्षी तो. म्हणून कुठे पिवळं दिसलं याला ओळखीत वजन आहे, मात्र ते दुय्यम. घाटातल्या नव्या कापावर दोन्ही शेजारी शेजारी असू शकतात.

फोटोवरून ओळखायचं असेल तर एका झाडाचे पाच फोटो काढा: समोरून, पाठीमागून, खालच्या पेरावर पान जिथे जोडलं आहे तिथे, पूर्ण झाड, आणि पिकलेलं बोंड. जवळ पट्टी किंवा नाणं ठेवा. ओळख सांगणाऱ्या मोबाइल अॅपला लोक फक्त समोरचा फोटो देतात आणि ते बागेतल्या किंवा परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाचं नाव सांगून मोकळं होतं. दोष अॅपचा कमी. जे त्याला दाखवलंच नाही ते त्याने कसं सांगावं? पाठीचा आणि पानाचा फोटो दिला की उत्तर बरंच सुधारतं, तरी सोनकीच्या भावंडांत ते अडखळतंच.

नमुना वाळवून ठेवायचा तर खाजगी जागेतला, मालकाला विचारून, आणि कॉस्मॉस-टिथोनियासारख्या उपऱ्यांचाच घ्या. या कुळाची स्तबकं जाड असतात, आत ओल राहते आणि पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. वर्तमानपत्राचे कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदला. एक स्तबक उभं चिरून, एक पालथं आणि एक सुलटं, असं दाबा. केसाळ बियांची फुलं अर्धी पिकलेली घेतली तर दाबाखालीही पिकत राहतात आणि उघडताना सगळी म्हातारी होऊन उडतात. म्हणून ती कळीत किंवा नुकती उमललेलीच घ्यावीत. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, उंची आणि ताज्या फुलाचा रंग लिहा. वाळल्यावर रंग सांगता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं असेल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

ओळख पटली की उपटण्याचा प्रश्न येतो. कॉस्मॉसची मुळं उथळ असतात, पाऊस पडून गेलेल्या मऊ मातीत पूर्ण झाड एका हाताने निघतं. योग्य वेळ म्हणजे कळ्या आल्यापासून पहिली बी काळी पडेपर्यंत, साधारण सप्टेंबर. त्याआधी सोनकीच्या रोपांत गल्लत होऊ शकते, त्यानंतर उपटताना आपणच बी सांडतो. विळ्याने वरवर छाटू नका. खालच्या पेरांतून फांद्या फुटतात आणि झाड आधीपेक्षा बुटकं होऊन, गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्याखाली राहून फुलतं. उपटलेल्या झाडांवरही अर्धी पिकलेली बी पुढे पक्व होते, म्हणून ढीग ओढ्याकाठी न टाकता फुलं-बोंडं वेगळी करून पोत्यात भरा. एका वर्षात काम होत नाही. मातीत राहिलेलं बी पुढच्या पावसात पुन्हा वर येतं, तीच जागा दोन-तीन वर्षं पाहावी लागते.

टिथोनियाचं तंत्र वेगळं. ती बुंध्यापासून पुन्हा फुटते आणि कापलेली फांदी ओल्या मातीत मूळ धरते. कापायची तर फुलण्याआधी कापा, जाड फांद्या उन्हात पूर्ण वाळवा आणि कोवळा पाला शेतात गाडा. हिरवळीचं खत म्हणून हा पाला फार चांगला. वाळलेल्या पानात नत्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि पालाश चार टक्क्यांच्या आसपास असतं. पण खतासाठी म्हणून बांधावर मुद्दाम लावू नका, ओढा जवळ असेल तर मुळीच नको.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कॉस्मॉसची बी पिकलेली असते आणि तेव्हाही कासकडे गाड्या जात असतात. महामार्गाच्या कडेला, प्लॉटवर किंवा कॉस्मॉसच्या ताटव्यात उतरला असाल तर यवतेश्वरचा घाट चढण्याआधी, खाली शहरातच, मोजे, बुटांच्या लेस, पँटची दुमड आणि गाडीतलं पायपुसणं झाडून घ्या. सुईसारख्या काळ्या काड्या सापडल्या तर त्या रस्त्यावर न टाकता कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका.